उलटी : कारणे आणि वैद्यकीय तपासणी (सोलापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

सोलापुरात कोणाला उलटी झाली की घरात बहुधा तीनच निदाने ठरतात : पित्त झाले, बाहेरचे खाणे बाधले किंवा ऊन लागले. ही तिन्ही निदाने पुष्कळदा बरोबरही निघतात. मात्र हृदयविकाराचा झटका, आतड्याला पडलेला पीळ, मधुमेहात रक्तात वाढलेली आम्लता किंवा मेंदूतील रक्तस्राव हे आजारही उलटीनेच सुरू होऊ शकतात आणि त्यांतील मोलाचे पहिले काही तास याच तीन नावांखाली निघून जातात. खालील उत्तरे सामान्य माहितीसाठी आहेत; रुग्णाला प्रत्यक्ष पाहणाऱ्या डॉक्टरांच्या निर्णयाची जागा ती घेऊ शकत नाहीत.

घरात आत्ता रुग्णाला उलट्या होत आहेत. वाट पाहायची की लगेच न्यायचे?

उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा काळपट पदार्थ पडणे, उलटी हिरवी होऊन पोट फुगणे आणि शौच व वात दोन्ही बंद होणे, पोटात सतत वाढत जाणारी वेदना, छातीत दाब किंवा दरदरून घाम, अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, मान ताठ होणे, बोलण्यात किंवा वागण्यात गोंधळ, डोक्याला मार लागल्यानंतर पुन्हा पुन्हा होणारी उलटी, आठ-दहा तासांत लघवीच न होणे आणि विषारी औषध पोटात गेल्याची नुसती शंका, यांपैकी एकही गोष्ट असेल तर घरगुती उपाय करत बसू नये. तान्ही बाळे, गर्भवती, मधुमेही, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि वयोवृद्ध यांच्या बाबतीत तर यापेक्षा सौम्य लक्षणांवरही डॉक्टरांना दाखवावे.

रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांकावर फोन करावा. शहरात ‘सिव्हिल’ म्हणून ओळखले जाणारे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय हे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असून तेथे तातडीच्या उपचारांची सोय आहे. नेताना रुग्णाला उताणे झोपवू नये, कुशीवर ठेवावे. गुंगीतल्या माणसाची उलटी श्वासनलिकेत गेल्यास ती मूळ आजारापेक्षाही आधी जिवावर बेतू शकते.

उलटी होताना शरीरात नेमके काय घडते?

मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत, उलटीचे नियंत्रण करणारी चेतापेशींची यंत्रणा असते. तिच्याकडे चार वाटांनी संदेश येतात. पहिली वाट जठर व आतड्यांकडून व्हेगस चेतातंतूमार्गे येते. जंतूंची विषद्रव्ये, सूज किंवा ताण यांमुळे आतड्याच्या अस्तरातील पेशी सेरोटोनिन सोडतात आणि हा तंतू उद्दीपित होतो. दुसरी वाट रक्तातून येते : लंबमज्जेलगतच्या एका लहान भागाला रक्त आणि मेंदू यांच्यातील नेहमीचा अडसर नसल्यामुळे तो रक्तातील औषधे, विषे, युरिया आणि कीटोन (चरबी जळताना तयार होणारे पदार्थ) यांचा थेट वास घेतो. तिसरी वाट आंतरकर्णातील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाची, आणि चौथी मेंदूच्या वरच्या भागांची. किळस, भीती, वेदना आणि कवटीतील वाढलेला दाब यांचे संदेश या चौथ्या वाटेने पोहोचतात.

हे सांगण्याचे कारण केवळ ज्ञानवर्धन नाही. पोट पूर्ण निरोगी असतानाही उलटी होऊ शकते आणि चारांपैकी तीन वाटांचा उगम पोटाबाहेर आहे, हे लक्षात आले की डॉक्टर उलटीच्या रुग्णाचे डोळे, कान, मान आणि हृदयाचा आलेख (ईसीजी) का पाहतात, याचे आश्चर्य वाटत नाही.

आंबट पाणी घशाशी येणे म्हणजे उलटीच का?

नाही. उलटीआधी मळमळ होते, तोंडाला पाणी सुटते, उबळ येते आणि पोटाचे स्नायू जोराने आकसतात. घशाशी आंबट येण्यात यातले काहीच नसते. जठरातील आम्ल अन्ननलिकेत परतते, विशेषतः जेवून लगेच आडवे झाल्यावर. गिळलेले अन्न न पचता, आंबट न होता जसेच्या तसे तोंडात परत येत असेल तर दोष अन्ननलिकेत असण्याची शक्यता अधिक असते. डॉक्टरांना ‘उलटी होते’ एवढेच सांगण्याऐवजी हा फरक सांगितल्यास तपासणीची दिशाच बदलते.

उलट्या आहेत, जुलाब नाहीत. तरीही गॅस्ट्रोच समजायचे का?

या पानावरील एकच उत्तर वाचायचे असेल तर ते हे वाचावे. जठर व आतड्यांच्या संसर्गात, म्हणजे बोलीभाषेतील गॅस्ट्रोमध्ये, उलटी आधी सुरू होऊन काही तासांनी जुलाब लागतात, त्यामुळे पहिल्या काही तासांत केवळ उलटी असणे शक्य आहे. परंतु दिवस उलटूनही जुलाब लागले नाहीत, ताप नाही, घरात किंवा बरोबर जेवलेल्यांत दुसऱ्या कोणाला त्रास नाही, अशा वेळी गॅस्ट्रो हे निदान सोयीचे असते, सिद्ध झालेले नसते. ते इतर कारणे पाहून झाल्यावरच करावे.

वेदना आणि उलटी यांचा क्रमही तितकाच महत्त्वाचा आहे. आंत्रपुच्छाला (अपेंडिक्सला) सूज आली म्हणजे प्रथम बेंबीभोवती दुखते, नंतर एक-दोन उलट्या होतात आणि मग वेदना उजव्या बाजूला ओटीपोटाकडे सरकते. शस्त्रक्रिया करावी लागणाऱ्या पोटदुखीत बहुधा वेदना आधी आणि उलटी नंतर असते. उलट्या आधी सुरू झाल्या आणि पोट नंतर दुखू लागले तर संसर्गाकडे कल झुकतो. हा नियम अपवादांशिवाय नाही, तरी तपासणीच्या खोलीत त्याच्याइतका उपयोगी पडणारा दुसरा प्रश्न क्वचितच सापडतो.

आतड्यात अडथळा असेल तर अडथळा जितका वर, तितकी उलटी लवकर आणि जास्त. जितका खाली, तितके पोट आधी फुगते आणि उलटी उशिरा येते. पूर्वी पोटाची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीत आतड्यांचे चिकटणे आणि जांघेत हर्निया असलेल्या व्यक्तीत त्यात अडकलेले आतडे, ही दोन कारणे प्रथम आठवावीत. वयस्कर स्त्रिया संकोचाने जांघेतली गाठ सांगत नाहीत. ती विचारून आणि पाहूनच सापडते. पित्ताशयातील खडे, स्वादुपिंडाचा दाह आणि मूत्रमार्गातील खडा हेही वेदनेसह उलटी करणारे नेहमीचे आजार आहेत. उष्ण कोरड्या हवेत पाणी कमी प्यायले गेले की लघवी दाट होते आणि खडे होण्याची शक्यता वाढते, त्यामुळे आपल्या भागात कंबरेकडून जांघेकडे उतरणारी कळ आणि उलटी यांची जोडी डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाची आहे.

लग्नाच्या पंगतीनंतर अनेकांना उलट्या झाल्या. नेमके कशामुळे, हे कसे ओळखतात?

जेवण आणि पहिली उलटी यांतील अंतरावरून. १ ते ६ तासांत अचानक जोरदार उलट्या सुरू झाल्या तर अन्नात आधीच तयार झालेले जीवाणूंचे विष पोटात गेलेले असते. खवा, बासुंदी, श्रीखंड अशा दुधाच्या पदार्थांत हाताळणाऱ्याच्या त्वचेवरील स्टॅफिलोकोकस जीवाणू वाढून असे विष तयार करतात. शिजवून तासन्‌तास बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सेरियस हा दुसरा जीवाणू हेच करतो. या दोन्ही विषांवर उष्णतेचा विशेष परिणाम होत नाही, म्हणून रात्रीच्या उघड्यावर राहिलेल्या भाताला सकाळी फोडणी दिल्याने तो निर्धोक होत नाही. भात उरणार असेल तर तो निवताच फ्रिजमध्ये ठेवणे, हाच यावरील उपाय आहे.

त्रास १२ ते ४८ तासांनी सुरू झाला तर नोरोव्हायरससारख्या विषाणूंचा विचार करतात. ताप, मुरडा आणि रक्तमिश्रित जुलाब असतील तर आतड्याला सूज आणणाऱ्या जीवाणूंचा. भाताच्या पेजेसारखे पांढरट, पाण्यासारखे आणि न थांबणारे जुलाब पटकीची (कॉलऱ्याची) शंका निर्माण करतात व असा रुग्ण आरोग्य विभागाला कळवणे आवश्यक असते.

शहराला उजनी धरणाचे पाणी काही दिवसांआड मिळते आणि मधल्या दिवसांसाठी ते पिंपे, हौद व टाक्यांत साठवले जाते. साठवण हा येथील संसारांचा भाग आहे. त्याबद्दल उपदेश करण्यात अर्थ नाही. पिण्याचे पाणी वेगळ्या, झाकलेल्या भांड्यात उकळून ठेवावे आणि ते काढण्यासाठी दांड्याचे ओगराळे वापरावे. पावसाळ्यात किंवा जलवाहिनी फुटल्यानंतर उलट्या, अन्नावरील वासना जाणे आणि चार-सहा दिवसांनी पिवळी लघवी असा क्रम दिसला तर ती अ किंवा ई प्रकारची कावीळ असू शकते. गर्भवतीमध्ये ई प्रकारची कावीळ घातक ठरू शकते, म्हणून तिला त्याच दिवशी दाखवावे.

डोके दुखते, उलटी झाली की उतरते. म्हणजे पित्तच ना?

असे वर्णन करणाऱ्या बहुतेकांना अर्धशिशी असते. एका बाजूला ठणकणारे डोके, उजेड व आवाज नकोसा होणे, मळमळ आणि उलटीनंतर किंवा झोपेनंतर आराम, हे अर्धशिशीचे नेहमीचे रूप आहे. उलटीत पिवळे-कडू पाणी पडते आणि डोके थांबते, म्हणून दोष पित्ताचा असल्याचा समज दृढ होतो. वस्तुतः रिकाम्या पोटी जोराने उलटी झाली की लहान आतड्यातील पित्तरस जठरात येऊन बाहेर पडतोच. तो उलटीचा परिणाम असतो. ऊन, उपवास, जागरण, मासिक पाळी आणि जेवणाची चुकलेली वेळ या गोष्टी अर्धशिशी उठवतात. ती वर्षानुवर्षे आम्लपित्ताच्या गोळ्यांवर काढणारे रुग्ण पुष्कळ असतात आणि त्यांना योग्य औषध मिळाल्यास महिन्यातले कित्येक दिवस वाचतात.

घशात बोटे घालून किंवा मिठाचे पाणी पिऊन ‘पित्त काढण्याची’ सवय मात्र सोडावी. जोराच्या उबळीने अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला चीर पडून रक्ताची उलटी होऊ शकते, दातांचे आवरण झिजते आणि फार मीठ पोटात गेल्यास रक्तातील सोडियम धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते.

वय ५० च्या पुढे प्रथमच अशी डोकेदुखी सुरू झाली, ती रोज पहाटे उलटीसह येऊ लागली, खोकताना किंवा वाकताना वाढू लागली, तर कवटीतील दाब वाढल्याची शंका घेऊन मेंदूची तपासणी करतात. एक डोळा लाल होऊन दुखणे, दिव्याभोवती वलये दिसणे आणि उलटी हे काचबिंदूच्या तीव्र झटक्याचे लक्षण आहे. यात दृष्टी वाचवायला तासच हाताशी असतात.

उलटीच्या रंगावरून काय कळते?

पिवळा किंवा फिका हिरवा रंग वारंवारच्या उलटीत कोणालाही दिसू शकतो. गडद हिरवी उलटी पोट फुगण्यासह असेल तर ती अडथळ्याची असू शकते. काल खाल्लेले अन्न आज पडत असेल आणि त्यात पित्ताचा अंशही नसेल तर जठराचे खालचे तोंड अरुंद झाले असावे. विष्ठेसारखा वास ही आतड्याच्या जुन्या अडथळ्याची खूण होय. ताजे लाल रक्त आणि काळपट चोथा हे दोन्ही रक्तस्रावाचेच प्रकार आहेत. फरक एवढाच की चोथ्यातील रक्तावर जठरातल्या आम्लाची क्रिया झालेली असते. बीट, डाळिंब किंवा लोहाच्या गोळ्यांनीही रंग बदलतो, हे विचारून घ्यावे लागते.

डॉक्टर तपासताना इतके प्रश्न का विचारतात आणि काय पाहतात?

पहिल्या मिनिटात निदानाचा प्रश्न नसतोच. रुग्ण स्थिर आहे की नाही, हे नाडी, रक्तदाब, श्वासाची गती, ताप, शुद्ध आणि हाताच्या बोटांत रक्त परतण्याचा वेग यांवरून ठरते. उभे राहिल्यावर रक्तदाब घसरत असेल तर शरीरातील पाणी बरेच कमी झालेले असते. ग्लुकोमीटरने साखर याच वेळी पाहतात.

नंतर प्रश्न येतात. त्रास किती दिवसांचा, दिवसाच्या कोणत्या वेळी, जेवणाशी काय संबंध, वेदना कुठे व केव्हा, शौच आणि वात सुटतो का, चक्कर येते म्हणजे स्वतःभोवती घर फिरते की अंधारी येते, कोणती औषधे चालू आहेत, दारू किती, शेवटची पाळी कधी, पोटाचे ऑपरेशन झाले आहे का. शेवटच्या पाळीचा प्रश्न काही कुटुंबांना अप्रस्तुत वाटतो. तो प्रत्येक प्रजननक्षम वयाच्या स्त्रीला विचारावाच लागतो, कारण गर्भनलिकेतील गर्भ फुटल्यासही पोटदुखी, उलटी आणि चक्कर एवढेच दिसू शकते. तरुण मुलाला ओटीपोटात दुखून उलटी झाली असेल तर वृषणाला पीळ पडला आहे का, हेही पाहावे लागते. सहा तासांच्या आत पीळ सोडवला तर वृषण वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते, आणि लाजेपायी मुलगा फक्त पोट दुखते असेच सांगतो.

शरीर तपासताना डोळ्यांतील पिवळेपणा, बाहुल्यांचा आकार, बुबुळांची आपोआप होणारी हालचाल, मानेचा ताठरपणा, तोंडाचा कोरडेपणा, पोटावरील जुने व्रण, दोन्ही जांघा, पोटाचा कडकपणा आणि आतड्यांचे आवाज पाहिले जातात. जेवून तीन-चार तास उलटल्यानंतरही पोट हलवल्यावर आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला तर जठर रिकामे होत नाही, असा अर्थ निघतो. यासाठी लागतो एक स्टेथोस्कोप आणि थोडी शांतता. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात दुसरी गोष्ट मिळणे अधिक अवघड, हेही खरे.

कोणत्या तपासण्या कराव्या लागतात?

एका दिवसाची साधी उलटी, पाण्याचे प्रमाण ठीक आणि पोट मऊ असेल तर एकही नाही. त्यापलीकडे गरजेप्रमाणे रक्तातील सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन आणि साखर, लघवीतील कीटोन, गर्भचाचणी, यकृताच्या तपासण्या, स्वादुपिंडासाठी लायपेज आणि हृदयाचा आलेख करतात. दीर्घ उलट्यांमुळे आम्ल, क्लोराइड आणि पोटॅशियम शरीराबाहेर जाऊन रक्त अल्कधर्मी होते. पोटॅशियम फार घटले तर हृदयाचे ठोके बिघडतात. उभ्याने काढलेल्या एक्स-रेमध्ये छाती व पोट यांमधील पडद्याखाली हवा दिसली तर आतड्याला किंवा जठराला छिद्र पडलेले असते. सोनोग्राफीत पित्ताशय, मूत्रपिंड, गर्भाशय आणि आंत्रपुच्छ दिसतात, मात्र सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणजे पोट निर्दोष ठरले, असे होत नाही. आतड्यांचा अडथळा नेमका कोठे आहे, हे सीटी स्कॅन अधिक चांगले दाखवतो.

मधुमेही व्यक्तीला उलट्या होत असतील तर वेगळी काळजी का?

तीन कारणांनी. इन्सुलिन कमी पडल्यास रक्तात कीटोन साठतात, उलट्या आणि पोटदुखी सुरू होते, श्वास खोल व जलद होतो. ‘जेवलो नाही, मग इन्सुलिन कशाला’ या तर्काने इन्सुलिन बंद करणे येथे सर्वांत घातक ठरते. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या घेणाऱ्यांत साखर फारशी वाढलेली नसतानाही ही अवस्था येऊ शकते, त्यामुळे साखर २०० आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कीटोन तपासावेत. दुसरे कारण हृदय. मधुमेहात छातीतली वेदना जाणवेलच असे नाही. घाम, अस्वस्थता आणि उलटी एवढ्यावरच झटका येऊन जातो आणि घरी त्यावर सोडा किंवा इनो दिले जाते. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेह्याला कारणाशिवाय उलटी आणि घाम आला तर आलेख काढेपर्यंत ते हृदयच समजावे. तिसरे, वर्षानुवर्षांच्या मधुमेहाने जठराच्या चेता मंदावतात. थोडे खाऊनही पोट भरते आणि तासांनंतर अन्न उलटून पडते.

चालू असलेल्या औषधांमुळे उलटी होऊ शकते का?

फार वेळा. मेटफॉर्मिन, लोहाच्या गोळ्या, वेदनाशामके, काही प्रतिजैविके, वजन व साखरेसाठीची नवी इंजेक्शने आणि हृदयासाठीचे डिगॉक्सिन ही नेहमीची नावे. डिगॉक्सिन घेणाऱ्या वृद्धाला उलटी होणे हे औषधाचे प्रमाण विषारी झाल्याचे पहिले लक्षण असू शकते.

क्षयरोगाची औषधे घेणाऱ्यांसाठी वेगळे सांगावे लागते. सुरुवातीच्या दिवसांतील किरकोळ मळमळ औषधाची वेळ बदलून कमी होते, पण नव्याने उलट्या, अन्नावरची वासना जाणे किंवा डोळे पिवळे होणे म्हणजे यकृताला इजा होत असल्याची शंका. त्याच दिवशी उपचार केंद्रात कळवून यकृताची तपासणी करावी. स्वतःच्या मनाने गोळ्या कायमच्या सोडून देणे हा त्यावरील उपाय नाही. दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबवल्यानेही उलट्या, अशक्तपणा आणि रक्तदाब घसरणे असे संकट येते. सांध्यांसाठी किंवा दम्यासाठी मिळालेल्या नाव नसलेल्या पुड्यांत स्टेरॉइड असू शकते, म्हणून त्या पुड्याही डॉक्टरांना दाखवाव्यात.

मिसरी आणि तंबाखू हेही याच यादीत येतात. निकोटीन उलटीच्या केंद्रांना थेट उद्दीपित करते. सकाळी रिकाम्या पोटी मिसरी लावून होणारी मळमळ अनेकींना स्वतःच्या प्रकृतीचा भाग वाटते.

गरोदरपणातील उलट्या केव्हा काळजीच्या ठरतात?

सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होऊन नवव्या आठवड्याच्या आसपास वाढणाऱ्या आणि बहुतेकींत १६ ते २० आठवड्यांत थांबणाऱ्या उलट्या सामान्य मानल्या जातात. वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले, लघवीत कीटोन आले, घोटभर पाणीही टिकेना, तर दाखल करून शिरेतून द्रव द्यावे लागते. अशा रुग्णेला ग्लुकोजच्या आधी थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) देणे विसरू नये, अन्यथा मेंदूला कायमची इजा होऊ शकते. जुळी गर्भधारणा किंवा द्राक्षगर्भ (गर्भाऐवजी द्राक्षांसारख्या फोडांची वाढ) असल्यास त्रास जास्त असतो, म्हणून सोनोग्राफी करतात. थोड्या थोड्या वेळाने कोरडे खाणे, आले आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिलामिन-पायरिडॉक्सिन यांनी बहुतेकींना आराम पडतो.

नवव्या आठवड्यानंतर प्रथमच सुरू झालेली उलटी मात्र गर्भारपणाच्या खात्यावर टाकू नये. विसाव्या आठवड्यानंतर डोकेदुखी, पोटाच्या वरच्या भागात दुखणे आणि उलटी असेल तर रक्तदाब त्वरित मोजावा.

बाळ दूध ओकते. हे किती गंभीर?

पाजल्यानंतर ढेकरेबरोबर थोडे दूध बाहेर येणे, बाळ खेळते आणि वजन वाढते आहे, तर उपचार लागत नाही. नवजात बाळाची हिरवी उलटी हे आतड्याला पीळ पडल्याचे लक्षण मानून तत्काळ बालशल्यचिकित्सकाकडे न्यावे. येथे सकाळपर्यंत थांबणे परवडत नाही. तीन ते सहा आठवड्यांच्या बाळाला प्रत्येक पाजण्यानंतर लांब उडणारी, पांढरी उलटी होऊन लगेच पुन्हा भूक लागत असेल तर जठराचे तोंड जाड झाल्याची शक्यता असते. सहा महिने ते दोन वर्षांच्या मुलाने मधूनमधून पाय पोटाशी घेऊन किंचाळणे, मध्ये शांत व फिकट पडणे आणि नंतर रक्तमिश्रित आव पडणे म्हणजे आतड्यात आतडे शिरलेले असू शकते. लहान मुलांत मूत्रमार्गाचा संसर्ग आणि मेंदूज्वरही केवळ उलटी-तापाने सुरू होतात. रोटाव्हायरसची लस सरकारी लसीकरणात ६, १० आणि १४ आठवड्यांना दिली जाते; ती चुकवू नये.

उन्हामुळे उलटी झाली, हे कसे ओळखावे?

एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर राहणाऱ्या आपल्या शहरात हा प्रश्न रास्त आहे. उन्हात काम करताना थकवा, घाम, पेटके, मळमळ आणि उलटी होऊन माणूस शुद्धीवर असेल तर सावलीत निजवून, पाय उंच करून मीठ-साखरेचे पाणी द्यावे. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअस किंवा अधिक आणि बरळणे, झटके किंवा बेशुद्धी असेल तर तो उष्माघात होय. अशा वेळी तोंडाने काही देऊ नये. कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत, वारा घालत रुग्णालयात न्यावे. पत्र्याखाली चालणाऱ्या यंत्रमागाच्या शेडमध्ये, थेट ऊन नसतानाही, हे घडू शकते.

फवारणी, विंचू, साप यांचा उलटीशी काय संबंध?

ग्रामीण भागातील रुग्णांसाठी हा प्रश्न आधी विचारावा लागतो. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशक पोटात, श्वासात किंवा ओल्या कपड्यांतून त्वचेत गेल्यास उलटी, लाळ, घाम, जुलाब आणि टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या दिसतात. कपडे काढून अंग साबणाने धुवावे, रुग्णाला मुद्दाम उलटी करायला लावू नये आणि औषधाची बाटली बरोबर न्यावी. उंदीर मारण्याच्या पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असू शकतो. त्यात पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस रुग्ण बरा वाटतो आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागते. त्या मधल्या दिवसांत घरी नेण्याचा आग्रह जिवावर उठतो.

लाल विंचू चावल्यावर उलटी, दरदरून घाम आणि हातपाय गार पडणे म्हणजे विष हृदयापर्यंत परिणाम करू लागले आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यासाठी प्राझोसिन हे औषध उपयोगी असल्याचे दाखवून दिल्यापासून मृत्यूंचे प्रमाण घटले आहे, मात्र ते वेळेवर मिळायला हवे. आणि जमिनीवर झोपलेली व्यक्ती पहाटे पोटदुखी व उलटीने जागी झाली, थोड्या वेळाने पापण्या जड होऊन उघडेनाशा झाल्या, तर अंगावर खूण नसली तरी मण्यार चावल्याचा संशय घ्यावा. मण्यारीचा दंश दुखत नाही, सुजत नाही.

सलाईन लावले की लवकर बरे वाटते. मग ओआरएस कशाला?

सौम्य आणि मध्यम निर्जलीकरणात ओआरएस सलाईनइतकेच काम करते. १९७१ साली बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईनचा साठा संपत आला, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ-ग्लुकोजचे द्रावण तोंडाने देऊन पटकीचे हजारो रुग्ण वाचवले. ग्लुकोजबरोबर सोडियम आतड्यात ओढले जाते आणि त्यामागे पाणी येते, एवढ्या साध्या क्रियेवर ही पद्धत उभी आहे.

एक लिटरची पूर्ण पुडी एक लिटर पाण्यातच घालावी; अर्धी पुडी पेल्यात घालून अंदाजे द्रावण करू नये. उलटी होत असताना भांडेभर पाजले तर ते परत येणारच. एक चमचा दर एक-दोन मिनिटांनी द्यावा, उलटी झाली तर १० मिनिटे थांबून पुन्हा अधिक सावकाश सुरू करावे. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. डबाबंद फळांचे रस आणि शीतपेये यांना ओआरएस समजू नये. त्यांतील जास्त साखरेने जुलाब वाढतात. शुद्ध हरपलेली असेल, रक्तदाब घसरला असेल, पोट फुगले असेल किंवा चमच्याचमच्यानेही काहीच टिकत नसेल, तर मात्र सलाईनला पर्याय नाही.

उलटी थांबवण्याची गोळी आणून द्यावी का?

ऑन्डान्सेट्रॉन गॅस्ट्रोमध्ये उपयोगी आहे आणि मुलांना ओआरएस टिकण्यासाठी डॉक्टर त्याची एखादी मात्रा देतात. ते हृदयाच्या लयीवर परिणाम करू शकते, म्हणून हृदयरोगी आणि पोटॅशियम कमी असलेल्यांत जपून वापरावे लागते. मेटोक्लोप्रामाइडने तरुणांत आणि मुलांत कधी मान वाकडी होते, जीभ बाहेर येते, डोळे वर फिरतात. घरचे घाबरून त्याला फिट किंवा बाहेरची बाधा समजतात. प्रत्यक्षात योग्य इंजेक्शनने ते काही मिनिटांत उतरते. आतड्यात अडथळा असताना हे औषध देऊ नये. पोट दुखत असेल तर कारण कळेपर्यंत दुकानातून गोळी आणून उलटी दाबू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

महिनाभर अधूनमधून उलटी होते. काय करावे?

वजन घटणे, गिळताना अडकणे, काळी शौच, रक्तक्षय किंवा पोटात गाठ यांपैकी काही असल्यास एंडोस्कोपी लांबवू नये. जठराचा कर्करोग आणि व्रणामुळे अरुंद झालेले जठराचे तोंड याच मार्गाने सापडतात. मूत्रपिंड निकामी होणे, रक्तातील कॅल्शियम वाढणे आणि मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथीची मंदता ही कारणे साध्या रक्ततपासणीतून पुढे येतात. ठरावीक काळाने काही तास ते काही दिवस सतत उलट्या आणि मधल्या काळात पूर्ण आराम असा क्रम असेल तर तो चक्रीय उलटीचा विकार असू शकतो. सर्व तपासण्या निर्दोष आल्यावरही त्रास खराच असतो; मानसिक ताण हे कारण असेल तर त्यावरही उपचार आहेत, त्यासाठी रुग्णाला ढोंगी ठरवण्याची गरज नाही.

गाडी लागते, त्याचे काय?

डोळे पुस्तकावर आणि शरीर वळणावर, अशा विसंगतीने मेंदू गोंधळतो. तुळजापूरचा घाट चढताना पुढच्या बाजूला बसावे, दूरवर पाहावे, मोबाइल बंद ठेवावा. प्रोमेथाझिन किंवा मेक्लिझिनची गोळी प्रवासाआधी तासभर घेतली तरच उपयोग होतो. तिने झोप येते, म्हणून वाहन चालवणाऱ्याने ती घेऊ नये.

दवाखान्यात जाताना काय बरोबर न्यावे?

चालू गोळ्यांच्या पट्ट्या जशाच्या तशा, जुने कागद, मधुमेह असल्यास साखरेच्या नोंदी, विषाची शंका असल्यास डबा किंवा बाटली आणि उलटीत रक्त किंवा हिरवा रंग दिसला असेल तर मोबाइलवर काढलेला तिचा फोटो. रुग्णाने शेवटचे कधी खाल्ले आणि शेवटची लघवी कधी केली, हे बरोबर येणाऱ्याने विचारून ठेवावे.